एका खुर्चीत बसलेली चार माणसं

वाचकाचं पत्र, थोडक्यात: बार्देशातल्या एका गावातून एका भगिनीने लिहिलं आहे. वय तिशीच्या पुढे. कलेची पदवी घेऊन त्यांनी पणजीतल्या एका जाहिरात संस्थेत पाच वर्षं नोकरी केली. दोन वर्षांपूर्वी ती सोडून त्या घरूनच डिझाइनची कामं घेऊ लागल्या: रिसॉर्टची मेन्यू कार्डं, व्हिलांच्या इन्स्टाग्राम पोस्ट, लग्नपत्रिका, देवस्थानांच्या जत्रेच्या पत्रिका, गावच्या नाटकांचे फ्लेक्स. कामाला तोटा नाही, पण रात्रीचा एक वाजतो तरी दिवसाचं काम संपत नाही. फाइली सापडत नाहीत, ग्राहकांचे व्हॉट्सअ‍ॅपवरचे आवाजी निरोप थांबत नाहीत, सासूबाई ‘घरीच असतेस ना’ म्हणून हाका मारतात. गेल्या वर्षी एका जत्रेच्या पत्रिकेत तारीख नवी आणि वार जुना छापला गेला, तेव्हा पाचशे प्रती स्वखर्चाने पुन्हा छापाव्या लागल्या. व्हिडिओ पाहून त्यांनी अकरा सवयींची यादी भिंतीला लावली: पहाटे पाचला उठणं, ध्यान, रोज एक स्केच, रोज नवी डिझाइन्स साठवणं वगैरे. यादी आठवडाभरही टिकली नाही. ‘एजन्सीत माझ्या फाइलींचं इतरांना उदाहरण द्यायचे,’ असं त्या लिहितात आणि विचारतात: माझ्यात मुळात शिस्तच नाही का? कुठल्या सवयी लावू? की नवरा म्हणतो तसं जुन्या संस्थेतून आलेली विचारणा मुकाट्याने स्वीकारू?

उत्तर:

सगळ्यात आधी ती अकरा कलमी यादी भिंतीवरून काढा. ती वाईट आहे म्हणून नव्हे. तुमच्या दुखण्यावरची ती नाही, म्हणून. तुमच्या तक्रारी आहेत फाइल न सापडण्याच्या, निरोपांच्या आणि छापखान्याकडे चुकीचं गेल्याच्या. यांतली एकही पहाटे उठून सुटत नाही. पाचला उठलात तर तीच फाइल पहाटे पाचला सापडणार नाही, एवढंच.

आता शिस्तीचं. पाच वर्षं ज्या बाईच्या फाइलींचं उदाहरण दिलं जायचं, तिची शिस्त दोन वर्षांत आटली कशी? मला तसं वाटत नाही. तुमची शिस्त जागेवर आहे, आजूबाजूची माणसं गेली आहेत. एजन्सीतला तुमचा दिवस आठवा. ग्राहकाचे फोन घेणारा एक जण होता. तो ग्राहकाचं तासाभराचं बोलणं ऐकून तुमच्या टेबलावर पाच ओळींचा कागद ठेवायचा. मुद्रितं, म्हणजे छपाईआधीची प्रूफं, वाचणारं कोणीतरी होतं. छापखान्यात जाऊन कागद हाताने चाचपून बघणारा, रंग उतरला की भांडणारा एक होता. आणि सकाळी येऊन ‘आज आधी हे, ते उद्या’ म्हणणारे साहेब होते. तुम्ही फक्त डिझाइन करत होता. आज ही चारही माणसं तुमच्याच खुर्चीत बसली आहेत, आणि त्यांच्या कामाला तुम्ही कामच धरत नाही. ती तुम्हाला मधेमधे येणारी कटकट वाटते. डिझाइनच्या फटीत ती उरकायची, म्हणून डिझाइनही मोडतं आणि ती कामंही अर्धवट राहतात.

तेव्हा ‘यशस्वी डिझायनर रोज काय करतात’ हा प्रश्न सोडा. माझ्याकडे कोण नाही आणि त्याच्या वाटणीची दहा मिनिटं दिवसात कुठे ठेवू, एवढं विचारा. हे पत्र वाचणाऱ्या फोटोग्राफर, व्हिडिओ एडिटर, डीटीपी करणाऱ्या मंडळींनीही हाच हिशोब मांडून पाहावा. प्रत्येकाकडचं गेलेलं माणूस वेगळं असेल.

पत्रिकेची गोष्ट आधी घेऊ, कारण तिथे पैसे गेले. असं होतं कसं, ते या धंद्यातल्या कोणालाही सांगायला नको. गेल्या वर्षीची फाइल उघडायची, ‘सेव्ह अ‍ॅज’ करायचं, तारीख बदलायची. बदलताना डोळा आकड्यावर असतो, शेजारचा वार तसाच राहतो. तिथी बदलते, पण ‘शुद्ध’चं ‘वद्य’ करायचं राहून जातं. आपणच टाइप केलेल्या मजकुरातली चूक आपल्याला दिसत नाही, कारण काय लिहिलंय ते आपल्याला आधीच पाठ असतं. त्यात पडद्यावर सोनेरी किनार, समईचं चित्र, देवाचा फोटो. सगळं इतकं देखणं दिसतं की वाचायचं भान राहत नाही.

म्हणून मुद्रितशोधकाची सवय अशी लावा. छापायला जाणारी प्रत्येक गोष्ट साध्या कागदावर, काळ्या-पांढऱ्यात काढा. रंग गेले की मजकूर उघडा पडतो. मग सगळं वाचू नका. फक्त तारीख, वार, तिथी, वेळ, फोन नंबर आणि माणसांची नावं, एकेकावर बोट ठेवून, शेजारी भिंतीवरचं कॅलेंडर घेऊन. फोन नंबर डोळ्यांनी तपासायचा नाही, लावून बघायचा. पलीकडून देवस्थानच्या सचिवांनी उचलला तर बरोबर. मेन्यू कार्डात याच जागी किमती येतात आणि लग्नपत्रिकेत मुहूर्ताची मिनिटं.

आणि वाचायला दुसरं माणूस हवं. ते तुमच्या घरातच आहे. सासूबाईंना तो कागद द्या आणि मोठ्याने वाचायला सांगा. तिथी आणि वार जुळत नाही, हे त्यांच्या कानाला खटकेल. पालखी आधी की महाप्रसाद आधी, कुठल्या महाजनांचं नाव वर असायला हवं, कुठल्या घराण्याचं आडनाव गावात कसं लिहितात, हे पणजीतल्या पगारी मुद्रितशोधकालाही कळलं नसतं. यामुळे त्यांच्या हाका कमी होतील असं आश्वासन मी देत नाही. पण ‘घरीच असतेस’ हे वाक्य बदलण्याची शक्यता आहे, कारण सून घरी बसून काय करते ते त्यांनी पहिल्यांदाच हातात घेऊन पाहिलेलं असेल.

देवनागरीचा एक वेगळा त्रास तुम्ही ओझरता लिहिला आहे, पण तो रोज अर्धा तास खात असणार. देवस्थान समितीकडून येणारा मजकूर पुष्कळदा युनिकोडच्या आधीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असतो. तो कन्व्हर्टरमधून काढला की बहुतेक अक्षरं ठीक येतात आणि दोन-चार गुपचूप बदलतात. वर सॉफ्टवेअरचा कंपोझर, म्हणजे अक्षरं जुळवून ओळी मांडणारी सोय, इंग्रजीसाठीच लावलेला राहिला असेल तर वेलांटी भलत्या जागी जाते, जोडाक्षरं सुटी होतात, रफार हरवतो. इनडिझाइनमध्ये ‘वर्ल्ड-रेडी’ कंपोझर निवडावा लागतो. इलस्ट्रेटरमध्ये आधी प्रेफरन्सेसमध्ये जाऊन ‘इंडिक’ पर्याय चालू करावे लागतात. हे दर कामाला नव्याने करायचं नसतं. हे सगळं लावून ठेवलेली, तुमचे नेहमीचे दोन युनिकोड फॉन्ट असलेली एक कोरी फाइल करा आणि प्रत्येक मराठी काम तिच्यातूनच सुरू करा. वरच्या कोपऱ्यात एक परीक्षेची ओळ असू द्या: ‘श्रींच्या दुसऱ्या दिवशी शुद्ध पक्षात प्रतिष्ठापना कार्यक्रम’. नवा फॉन्ट आवडला की आधी ही ओळ त्यात टाका. ‘दुसऱ्या’ आणि ‘शुद्ध’ नीट उमटले नाहीत तर फॉन्ट कितीही सुंदर असो, तो पत्रिकेच्या कामाचा नाही.

छापखान्यासाठी मजकुराच्या आउटलाइन केल्या की तो मजकूर राहत नाही, नुसत्या आकृत्या होतात. पुढच्या वर्षी तीच फाइल उघडून वार बदलायला जाल तर बदलता येणार नाही, मग जुनीच कुठली तरी फाइल शोधाल, आणि घोटाळा तिथे सुरू होतो. प्रत्येक कामाच्या फोल्डरमध्ये तीन कप्पे करा: ‘आलेलं’, ‘चालू’, ‘गेलेलं’. ग्राहकाने पाठवलेलं सगळं पहिल्यात जातं आणि तिथे कशालाही हात लावायचा नाही. छापखान्याकडे जे जातं ते फक्त तिसऱ्यातून, आणि एकदा गेल्यावर ते पुन्हा उघडून दुरुस्त करायचं नाही. दुरुस्ती ‘चालू’मध्ये, नवीन क्रमांकाने. नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहा, म्हणजे फाइली आपोआप तारखेच्या क्रमाने लागतात. ‘फायनल’ हा शब्द मात्र कायमचा हद्दपार करा. त्याच्या मागोमाग ‘फायनल-२’ आणि ‘खरंच फायनल’ येतातच. संध्याकाळी चहा ठेवताना बाहेरची डिस्क जोडा, ‘चालू’ आणि ‘गेलेलं’ तिच्यावर जाऊ दे. पावसात वीज कधी जाईल सांगता येत नाही, तेव्हा फोटोशॉपचं आपोआप जतन पाच मिनिटांवर आणून ठेवा. लॅपटॉपला बॅटरी असते, बाहेरच्या मॉनिटरला आणि राउटरला नसते, हेही ध्यानात असू द्या.

आता ग्राहक. एक आवाजी निरोप कसा असतो ते तुम्ही पत्रात लिहूनच पाठवलंय: ‘वयलो लोगो मातसो व्हड करात’, मग मराठीत ‘तो निळा थोडा जिवंत करा’, मधेच दुसऱ्या कोणाशी बोलणं, आणि शेवटी घाईघाईत किंग फिशच्या थाळीची नवी किंमत. तुम्ही तो ऐकता ऐकता इलस्ट्रेटर उघडता. इथेच थांबा. ग्राहकाशी बोलणारा माणूस आधी कागद लिहायचा. तुम्हीही आधी लिहा आणि परत पाठवा: ‘दुरुस्त्या अशा समजल्या: लोगो मोठा, निळा रंग उजळ, थाळीची किंमत ४५० ऐवजी ४८०. बरोबर ना?’ समोरून ‘हो’ आलं की मगच फाइल उघडायची. यात दोन मिनिटं जातात. लेखी वाचल्यावर ग्राहकाला स्वतःचंच म्हणणं दिसतं आणि ‘निळा असू दे, आहे तोच बरा’ असं पुष्कळदा तोच म्हणतो. उद्या छापून आल्यावर किमतीवरून वाद झालाच, तर ते तीन ओळींचं बोलणं फोनमध्ये आहे. फोटो मागताना ‘डॉक्युमेंट म्हणून पाठवा’ हे वाक्य तयार ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवलेला फोटो दाबला जातो, आणि मग व्हिलाचा तलाव ब्रोशरमध्ये धुरकट येतो.

निरोप बघायच्या दोन वेळा ठरवा, समजा अकरा आणि साडेचार. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमध्ये आपोआप उत्तर जायची सोय आहे, त्यात त्या वेळा लिहून टाका. ग्राहक रागावतील अशी धास्ती तुम्हाला वाटते. एक-दोघं रागावतील. त्यांचं रागावणं तसंही चालूच असतं. बाकीच्यांना तुम्ही कधी उत्तर देणार हे नेमकं कळतं, आणि त्यांना हवं असतं तेवढंच.

पहाटेबद्दल थोडं भांडायचं आहे. पहाट ही तुमची वेळ आहे, हे कोणी ठरवलं? तुमच्या घरची पहाट म्हणजे पाण्याची मोटर, नवऱ्याचा डबा, सासऱ्यांची औषधं आणि दारात पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू. तिथे डिझाइनला जागा नाही. उलट आपल्याकडे दुपार अजून शिल्लक आहे. एक ते साडेतीन म्हापशातली बरीच दुकानं अर्धी ओढलेली असतात, रिसॉर्टचे मॅनेजर जेवणाच्या गर्दीत अडकलेले असतात आणि घरातली मोठी माणसं आडवी झालेली असतात. फोन तेव्हा जवळजवळ गप्प असतो. व्हिडिओतल्या पहाटे उठणाऱ्या माणसाच्या नशिबी अशी दुपार नसावी. जे काम खरोखर डोकं लावून करायचं, नवा लोगो, नाटकाच्या फ्लेक्सची मांडणी, ते या दोन-अडीच तासांत बसवा आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. जेवल्यावर डोळे मिटत असतील तर आधी वीस मिनिटं पडा. त्यात अपराधी वाटायचं काही नाही.

शुक्रवार मात्र सोडून द्या. म्हापशाचा बाजार असतो, निम्म्या बार्देशाची माणसं गावात उतरतात आणि ‘आलोय, भेटूया का?’ म्हणून फोन करतात. त्या दिवशी डिझाइन करायचा हट्ट धरून चिडण्यापेक्षा भेटी, छापखाना, राहिलेली बिलं वसूल करणं हे सगळं शुक्रवारीच ठेवा. छापखान्यात गेलात की कागद हाताने बघा, चालू छपाईचा एखादा रद्दी ताव मागून आणा. पडद्यावरचा रंग आणि त्यांच्या यंत्रावरचा रंग यांतलं अंतर फोनवर कळत नाही.

राहिले साहेब. त्यांची जागा एक चिठ्ठी घेऊ शकते. काम थांबवताना, कितीही रात्र झाली असली तरी, कागदावर तीन ओळी लिहायच्या. उदाहरणार्थ: ‘नाटकाचा फ्लेक्स: कलाकारांची नावं तेवढी बसवायची. शिवोलीची व्हिला: फोटो यायचे, मंगळवारी आठवण. उद्या आधी: मेन्यूच्या किमती.’ काय कुठे थांबलं, कोणाची वाट बघतेय, उद्या आधी काय. मधली ओळ सगळ्यात महत्त्वाची आहे, कारण रात्री एकपर्यंत जागण्याचं एक कारण असं की ज्या कामाचं पुढचं पाऊल दुसऱ्याच्या हातात आहे, तेही तुम्ही डोक्यात वागवत बसता. सकाळी फोनच्या आधी ही चिठ्ठी वाचायची. आणि जमलं तर रात्री थांबताना एखादं सोपं काम मुद्दाम उरवून ठेवा. कोऱ्या पडद्यासमोर बसण्यापेक्षा चार नावं बसवत दिवस सुरू झालेला बरा.

हे सगळं एकदम सुरू करू नका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी ९६ जणांवर सवयींचा अभ्यास केला होता, तो २०१० साली छापून आला. प्रत्येकाने एक छोटी कृती रोजच्या ठरावीक गोष्टीला जोडायची, जसं न्याहारीनंतर अमुक. ती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागतील असा हिशोब निघाला. माणसागणिक फरक १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत होता. एखादा दिवस चुकला म्हणून फारसं बिघडत नव्हतं. तुमची यादी आठवडाभरात कोसळली, यात नवल काय? अकरा नव्या सवयी, आणि त्यांतल्या बहुतेकींना जोडायला घरात आधीपासूनचं काहीच नाही. चिठ्ठी लॅपटॉप मिटण्याला जोडा, काळा-पांढरा कागद ‘पीडीएफ पाठवण्या’च्या आधी जोडा. या दोनच घ्या. व्हॉट्सअ‍ॅपच्या वेळा महिन्याभराने.

रोज स्केच आणि रोज नवी डिझाइन्स साठवणं यांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. साठवलेल्या चित्रांचा ढीग वाढतो, तो पुन्हा उघडायला वेळ कोणाला आहे? व्यंगचित्रकार मारियो मिरांडा तरुणपणी रोजची डायरी चित्रांतून लिहीत. १९४९, १९५० आणि १९५१ च्या त्या डायऱ्या पुढे पुस्तकरूपाने निघाल्या. त्यांत आहे ते रोज समोर घडलेलं, ओळखीच्या माणसांचं. तसं काही करावंसं वाटलं तर शुक्रवारी बाजारात हाताने रंगवलेल्या एखाद्या जुन्या पाटीचा फोटो घ्या. रोमी (रोमन) आणि देवनागरी अक्षरं एकाच पाटीवर शेजारी बसवताना त्या पेंटरने उंची कशी सांभाळली, ते दोन ओळींत लिहा. तुमच्या त्रैभाषिक लग्नपत्रिकांना याचा उपयोग परदेशी पोस्टरांपेक्षा जास्त होईल. डोळ्यांसाठी डॉक्टर सांगतात ते तुम्हाला माहीत असेलच: दर वीस मिनिटांनी वीस सेकंद, वीस फुटांपलीकडे बघायचं. खिडकीबाहेर माड आहेतच.

आता नोकरी. हा प्रश्न शिस्तीशी बांधू नका, नाहीतर नोकरी ही शिक्षा होते. महिनाभर फक्त एवढंच करा: दर तासाला कागदावर एक खूण, डिझाइनचा तास की त्या चौघांपैकी कोणाचा. निम्मे तास त्या चौघांचे निघाले आणि तुमच्या दरात ते धरलेले नसतील, तर तुम्ही रोज अर्धा दिवस फुकट राबताय. मग दर वाढवा, दोन फेऱ्यांनंतरच्या दुरुस्तीचे पैसे वेगळे लावा. किंवा कॉमर्स शिकणारी एखादी मुलगी दिवसाला दोन तास बिलं आणि आठवणी यांच्यासाठी ठेवा. घरून काम करणाऱ्या दुसऱ्या डिझायनरशी मुद्रितं वाचायची अदलाबदल केली तर पैसेही लागत नाहीत. आणि खुणा मोजून असं दिसलं की तुम्हाला फक्त डिझाइनचे तास आवडतात, बाकीचे खरोखर नकोसे आहेत, तर नोकरीत कमीपणा काही नाही. पुष्कळ चांगले डिझायनर आयुष्यभर नोकरी करतात.

मात्र आत्ता, पावसात, निर्णय घेऊ नका. पर्यटकांचा हंगाम ऑक्टोबरात सुरू होईल, त्याआधी रिसॉर्टची कामं अंगावर येतील, मधे चवथ (गणेशचतुर्थी) आहे. त्या गर्दीत कुठलीही नोकरी स्वर्गासारखी दिसते. संस्थेला दिवाळीनंतर कळवते म्हणून सांगा. भेटायला जाल तेव्हा पगार आणि वेळा विचाराच, पण आणखी एक गोष्ट चौकशी करून घ्या: ग्राहकांशी बोलणारा तो माणूस, मुद्रितं वाचणारं ते कोणीतरी आणि छापखान्यात जाणारा तो, हे अजून तिथे आहेत का? की त्यांच्या जागा भरल्याच नाहीत आणि ती कामंही आता डिझायनरनेच करायची असतात? तसं असेल तर तुम्हाला तिथेही तीच खुर्ची मिळणार आहे, फक्त महिन्याच्या पगारावर. मग तुमच्या दरपत्रकाशी तो पगार शेजारी ठेवून बघा.